डिस्क बिघडली, पावत्या उरल्या: चोपडा तालुक्यातलं एक प्रकरण

फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मे महिना, जळगावात पारा ४५ च्या पुढे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. चोपडा तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयातून ऑपरेटर बोलत होता. ‘भाऊ, लाइट जाऊन आली. आते सर्वर चालूच व्हत नही.’ घाबरला की तो अहिराणीवर येतो, हे मला ठाऊक आहे.

त्या कार्यालयातलं सगळं काम एका लहानशा सर्व्हरवर चालतं. त्यावर लिनक्स आणि केव्हीएम, म्हणजे एका यंत्रात अनेक संगणक चालवण्याची सोय, आत दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक. एकात विंडोज आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर. दुसऱ्यात पोस्टग्रेसचा डेटाबेस, आणि खरा जीव त्यात. कोणाच्या बागेतून किती माल कापला, काट्यावर वजन किती भरलं, भाव काय लागला, कोणाला किती उचल दिली, हे सगळं तिथे. संध्याकाळी त्याच डेटाबेसमधून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाचे कागद, छापल्या जातात. मे महिन्यात मालाचा जोर असतो, गाड्या दिल्लीकडे निघत असतात. अशा दिवशी पट्टी अडली की शेतकरी ओट्यावर बसून राहतो आणि तसा बसण्याचा त्याला पुरता हक्क असतो.

ऑपरेटरने पडद्याचा फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: डिस्कमध्ये अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) हाताने चालवा. त्याखाली पोराने आज्ञा टाइपही करून ठेवली होती, ‘वाय’चा पर्याय जोडून, म्हणजे विचारशील त्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. एखाद्या व्हिडिओत पाहिलं असणार. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं.

‘दाबू का?’

‘नको. कशालाच हात लावू नकोस. मी निघालो.’

निघण्याआधी फोनवरच त्याच्याकडून एक काम करून घेतलं. ते डेटाबेसचं व्हर्च्युअल मशीन होस्टवरून, म्हणजे त्याला चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवरून, सक्तीने बंद करायला लावलं. त्या आज्ञेचं नाव ‘डिस्ट्रॉय’ आहे. ते वाचून पोरगा पुन्हा घाबरला. नाव भयंकर असलं तरी त्यात काही पुसलं जात नाही, मशीनची वायर ओढल्यासारखं होतं, एवढंच. पण ते तातडीने करणं गरजेचं होतं. का, ते पुढे येईलच.

विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली, धानोरा आणि अडावद मागे टाकत पोचेपर्यंत पाच वाजले. गाडी चालवताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. एफएससीके फाइल सिस्टिमचा, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे या मांडणीचा, हिशोब जुळवतं. नोंदी आणि जागा यांचा मेळ बसवणं हे त्याचं काम. तुमचा माल परत आणून देणं हे त्याचं काम नाही. मेळ बसत नसेल तर एखादी नोंद खोडूनही ते मेळ बसवतं, आणि ‘वाय’ दिला असेल तर खोडताना विचारतसुद्धा नाही. खऱ्या डिस्कवर हे जितकं धोक्याचं, त्याहून व्हर्च्युअल मशीनमध्ये जास्त. कारण आत बसलेल्या एफएससीकेला आपल्या पायाखाली काय आहे ते दिसतच नाही.

पायाखाली काय असतं? सगळ्यात खाली होस्टची एसएसडी, म्हणजे खरी डिस्क. तिच्यावर होस्टची फाइल सिस्टिम. त्या फाइल सिस्टिममधली एक मोठी फाइल म्हणजे गेस्टची, आतल्या व्हर्च्युअल मशीनची, अख्खी डिस्क, इथे क्यूकाऊ-टू जातीची. त्या फाइलच्या आत एलव्हीएम, म्हणजे डिस्कच्या जागेची वाटणी करणारा थर, त्याच्या आत ईएक्सटी-फोर ही गेस्टची फाइल सिस्टिम, आणि त्यावर पोस्टग्रेस. गेस्टला वाटतं की ईएक्सटी-फोर बिघडली. खरी फूट दोन मजले खाली असू शकते. वरून दुरुस्ती सुरू केली तर हलत्या पायावर गिलावा केल्यासारखं होतं. म्हणून तपास नेहमी खालून वर करायचा, आणि प्रत्येक थर नीट झाल्याशिवाय वर चढायचं नाही.

नाना, म्हणजे मालक, दारातच उभे होते. त्यांनी एकच विचारलं, ‘हिसाब शे का गया?’

मी म्हटलं, ‘नाना, रात्रीपर्यंत सांगतो. आत्ता हो म्हणालो तर खोटं होईल.’

सर्व्हर पत्र्याच्या खोलीत होता. यूपीएसला हात लावला तर चटका बसला. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या होत्या. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या आसपासचं तापमान धरून सांगितलेलं असतं. त्याच्यावर साधारण दर १० अंशांनी ते अर्ध्यावर येतं. खानदेशातल्या पत्र्याखाली तिचं काय होणार! वीज गेल्यावर यूपीएसने मिनिटभरही तग धरला नव्हता. मग जनरेटर लागला, होस्ट आपोआप सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग ते व्हर्च्युअल मशीनही. जखमी अवस्थेत.

होस्टच्या एसएसडीचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) स्वच्छ होता. कर्नलच्या नोंदीत वाचनाची एकही चूक नव्हती. होस्टच्या फाइल सिस्टिमने आपलं जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी लिहून ठेवलेली नोंद, स्वतःच लावून घेतलं होतं. म्हणजे खालचे दोन मजले शाबूत होते. हे दहा मिनिटांत झालं. एसएसडीच मरायला लागली असती तर पुढचं सगळं सोडून आधी डीडी-रेस्क्यूने जमेल तेवढं उचलावं लागलं असतं.

पुढचं काम नकलेचं. इमेजची आतून दिसणारी मापं ३०० जीबीची, पण होस्टवर तिने प्रत्यक्षात व्यापलेली जागा ११८ जीबी. सोबत आणलेल्या दोन टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर नक्कल घ्यायला वीस-बावीस मिनिटं लागली. मग दोन्हींचे शा-२५६ ठसे (मजकुरावरून काढलेले आकडे, मजकूर जरा बदलला तरी बदलणारे) काढून जुळवले. नानांना ही वेळ वाया गेल्यासारखी वाटत होती, ओट्यावर माणसं वाढत होती. पण या अर्ध्या तासात मी कधीही काटकसर करत नाही. मूळ फाइल फक्त-वाचन करून बाजूला ठेवली, आणि इथून पुढचं सगळं नकलेवर.

नकलेवर क्यूईएमयूची, म्हणजे व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामची, तपासणी चालवली, दुरुस्तीचा पर्याय न देता. अहवाल आला: गळती झालेले क्लस्टर २१४, चुका ३७.

या दोन आकड्यांतला फरक ज्याला कळला त्याला अर्धं प्रकरण कळलं. क्यूकाऊ-टू फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे क्लस्टरांत, वाटलेली असते. कोणता तुकडा आतल्या डिस्कच्या कोणत्या भागासाठी दिला, याची एक नोंदवही असते. तुकडा वापरात आहे की मोकळा, याची मोजदाद दुसऱ्या वहीत. गळती म्हणजे मोजदादीत तुकडा वापरात दिसतो, पण कोणाच्याच नावावर नाही. जागा वाया गेली, बाकी नुकसान नाही. त्या ३७ चुका मात्र उलट्या होत्या. तुकडा कोणाच्या तरी नावावर आहे आणि मोजदादीची वही म्हणते की तो मोकळा आहे. कसणारा शेतात उभा आहे आणि कागदावर जमीन पडीक दिसते, तसं. उद्या कोणीतरी येऊन तोच गट दुसऱ्याच्या नावावर चढवणार. गेस्टने पुढचं काही लिहिलं की क्यूईएमयू ‘मोकळा’ समजून तोच तुकडा दुसऱ्याला देऊन टाकतं, आणि एका जागेवर दोन मालक होतात.

म्हणूनच ते मशीन लगेच बंद करायला लावलं होतं. ते नुसतं एफएससीकेच्या प्रश्नावर थांबलेलं दिसत होतं. पण सुरू होताना त्याने थोडंफार लिखाण आधीच केलं होतं. आणखी हजारो दुरुस्त्या ‘हो, हो’ म्हणत त्या फुटक्या पायावर झाल्या असत्या तर दोन मालकांचे किती गट झाले असते, सांगता येत नाही.

पण चुका आल्या कुठून? वीज गेली म्हणून क्यूकाऊ-टू इतकी विस्कटत नाही. गेस्ट जेव्हा ‘हे डिस्कवर पक्कं कर’ म्हणतो, तेव्हा ते पक्कं झाल्याशिवाय होस्टने हो म्हणायचं नसतं, आणि जर्नलचा सगळा भरवसा त्या एका वचनावर उभा असतो. मी त्या मशीनची कॉन्फिगरेशन फाइल उघडली. डिस्कच्या ओळीत कॅशचा प्रकार लिहिला होता: ‘अनसेफ’.

ती ओळ मीच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी जुन्या सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा इकडे आणताना काम फार रेंगाळत होतं, म्हणून तेवढ्यापुरतं हे लावलं होतं. या प्रकारात होस्ट गेस्टच्या ‘पक्कं कर’ला नुसती मान डोलावतो आणि डेटा मेमरीतच राहू देतो. पहिल्यांदा मशीन बसवताना, बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून करू अशा कामाला तो चालतो. डेटा आल्यावर ती ओळ बदलायची राहिली. दोन वर्षं काही झालं नाही, कारण दोन वर्षं यूपीएस टिकला. नानांना मी हे त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर सांगितलं. ऑपरेटरच्या चेहऱ्यावरचं ओझं तेव्हा कुठे उतरलं. तोवर तो समजत होता की त्याच्याच हातून काहीतरी झालं.

या शोधात एक धीर देणारी गोष्टही होती. लिनक्स होस्ट मेमरीतला न लिहिलेला डेटा साधारण अर्ध्या मिनिटात डिस्कवर उतरवतो. म्हणजे बुडालं ते वीज जाण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण मिनिटातलं. फक्त ते क्रमाने बुडालं नव्हतं. आधीचं गेलं आणि नंतरचं राहिलं, अशी सरमिसळ झालेली. सकाळी, आदल्या रात्री लिहिलेलं सगळं तत्त्वतः जागेवर असायला हवं होतं.

नकलेवर क्यूईएमयूची पूर्ण दुरुस्ती चालवली. मोजदाद नोंदवहीप्रमाणे लावली गेली, पुन्हा तपासलं तर चूक शून्य. इथे एक धोक्याची खूण सांगून ठेवतो. मशीन चालू असताना ही दुरुस्ती कधीही चालवू नये. २०१७ च्या क्यूईएमयू २.१० पासून इमेजला कुलूप लागतं, त्यामुळे सहसा ती चालतच नाही. पण सक्तीचे पर्याय देऊन कुलूप तोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि चांगली इमेज त्यांनी स्वतःच्या हाताने बिघडवलेलीही पाहिली आहे.

आता त्या दुरुस्त नकलेच्या वर एक रिकामी क्यूकाऊ-टू थर म्हणून बसवली. खालची नकल फक्त वाचायची, जे काही लिहिलं जाईल ते वरच्या थरात. हा प्रयोग फसला तर थर फेकायचा, नवा बसवायचा, दोन सेकंदांचं काम. व्हर्च्युअल मशीनची ही खरी श्रीमंती आहे. खऱ्या डिस्कवर ही मुभा इतक्या स्वस्तात मिळत नाही.

ही डिस्क थेट होस्टलाच जोडून एफएससीके चालवता आलं असतं. मी तसं केलं नाही. होस्टवर आणि गेस्टमध्ये दोन्हीकडे उबुंटू होतं, आणि दोन्हीकडच्या एलव्हीएम गटाचं नाव इन्स्टॉलरने दिलेलं, एकच. एकाच होस्टवर एकाच नावाचे दोन गट समोर आले की घाईत भलत्याच डिस्कवर आज्ञा चालू शकते. रात्रीचे आठ वाजलेले, अंगाला घाम, ओट्यावर माणसं. अशा वेळी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. म्हणून सिस्टिमरेस्क्यू या दुरुस्तीसाठीच्या लिनक्सच्या आयएसओ फाइलवरून एक नवं तात्पुरतं मशीन उभं केलं आणि फक्त ती थरवाली डिस्क त्याला जोडली. तिथून दुसरं काही दिसतच नव्हतं.

आधी ई-टू-एफएससीके, म्हणजे ईएक्सटी-फोरचं एफएससीके, फक्त-वाचन चालवलं. सहाशेहून जास्त ओळी आल्या. ऑपरेटर मागे उभा राहून पाहत होता, त्याच्या तोंडून हाय निघाली. पण फक्त-वाचन तपासणीत जर्नल लावलं जात नाही. त्यामुळे जर्नल लावल्यावर आपोआप मिटणाऱ्या विसंगतीही तिथे चुका म्हणून दिसतात. या आकड्याला भिऊन लोक घाईचे निर्णय घेतात. आधी फक्त जर्नल लावून घेतलं, मग पुन्हा फक्त-वाचन. आता ४३ ओळी उरल्या. मोकळ्या ब्लॉकची मोजणी चुकलेली, काही अनाथ आयनोड (नाव हरवलेल्या फाइलींच्या नोंदी), आणि चार ठिकाणी जे मला नको होतं ते: एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा दावा.

मग थरावर बिनधास्त ‘वाय’ देऊन चालवलं. फेकता येणाऱ्या थरावर तो पर्याय वापरायला माझी हरकत नसते. दावा असलेल्या ब्लॉकची प्रत करून दोन्ही फाइलींना एकेक दिली गेली. पण प्रत दोघांना दिली तरी आतला मजकूर एकाचाच असतो. जोड्या पाहिल्या. तीन ठिकाणी एक फाइल लॉगची, म्हणजे कामकाजाच्या नोंदींची, होती आणि दुसरीही लॉगचीच, तिथे सोडून दिलं. चौथ्या ठिकाणी एक लॉग आणि दुसरी पोस्टग्रेसची. लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये, म्हणजे बेवारस फाइलींच्या फोल्डरात, नऊ फाइली आल्या, सगळ्या तात्पुरत्या.

फाइल सिस्टिम आता स्वच्छ म्हणून माउंट होत होती. नाना म्हणाले, ‘झालं ना मग? चालू करा.’ इथेच मी थांबलो. फाइल सिस्टिम स्वच्छ असणं म्हणजे फाइलीतला मजकूर बरोबर असणं नव्हे. डेटाबेसच्या बाबतीत तर नाहीच.

पोस्टग्रेस सुरू करून पाहिलं. योग्य चेकपॉइंट, म्हणजे कुठून पुढे सावरायचं ती खूण, सापडत नाही म्हणून ते सुरू होईना. अपेक्षितच होतं, कारण शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं तेच तर बुडालं होतं. यावर पीजी-रीसेट-वॉल नावाचं हत्यार आहे. त्याने डेटाबेस उठतो, पण आतल्या नोंदी एकमेकींशी जुळतील याची हमी राहत नाही. त्याच्या कागदपत्रांतच सांगितलं आहे की उठल्यावर लगेच डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, घ्या आणि नव्या जागी भरा. लोक पहिला अर्धा भाग करतात आणि दुसरा विसरतात.

मी आधी दुसरीकडे पाहिलं. रोज रात्री एक वाजता डंप निघायचा. तो त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर पडायचा, हे चूकच. बाहेर नेणारी प्रत तीन आठवड्यांपूर्वी बंद पडली होती, पेनड्राइव्ह भरला म्हणून. पण रात्री एकचा डंप वीज जाण्याच्या चौदा तास आधीचा. तो डिस्कवर पक्का उतरलेला असणार, असा माझा अंदाज होता. बाहेर काढला. दाबलेल्या फाइलीची तपासणी चालवली, ती पास झाली. नव्या, कोऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये नवा पोस्टग्रेस बसवून त्यात भरला. एकही चूक न येता भरला गेला. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. नानांना म्हटलं, ‘कालपर्यंतचा सगळा हिसाब शे.’ ते खुर्चीत बसले आणि मिनिटभर काही बोलले नाहीत. मग आत सांगून सगळ्यांसाठी शेवभाजी मागवली.

राहिला आजचा दिवस, सकाळपासून वीज जाईपर्यंतच्या २१२ नोंदी. यासाठी मग थरावर पीजी-रीसेट-वॉल वापरलं, फक्त माल बाहेर काढण्यापुरतं. डेटाबेस उठला. वजनाच्या टेबलचा एक इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, खराब होता, दोन दावेदारांच्या त्या ब्लॉकमधली फाइल त्याचीच निघाली. इंडेक्स न वापरता टेबल सरळ वाचायला लावलं, आणि आजच्या तारखेच्या ओळी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवल्या. मिळाल्या २०९.

दुरुस्त झालेली ती डिस्क पुन्हा कामाला लावायची नाही, हे माझ्याकडून पक्कं होतं. ऑपरेटर म्हणत होता की इंडेक्स नवा बांधला की चालेल की. कदाचित चाललीही असती. पण ज्या डिस्कवर चार ठिकाणी दोन मालक निघाले तिथे पाचवं नसेलच, हे सांगायचं कशाच्या जोरावर? आणि ते पाचवं दिवाळीच्या सुमारास एखाद्याच्या उचलीत निघालं तर त्या शेतकऱ्याला काय सांगणार?

२०९ ओळी खऱ्या कशावरून, हाही प्रश्न होताच. उत्तर काट्यावर होतं. तिथे अजून कार्बन लावून हाताने पावती फाडतात. एक शेतकऱ्याला, एक पुस्तकात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुस्तक आणलं आणि मुनीमजी एकेक पावती मोठ्याने वाचत गेले: गाव, नाव, गाडी, भरलेलं वजन, रिकामं वजन. ऑपरेटर पडद्यावर बोट ठेवून ‘हां’ म्हणायचा. कार्बनच्या निळ्या अक्षरांत सातचा एक झालेला, एकाचा सात झालेला. तिथे मुनीमजी चष्मा कपाळावर सरकवून कागद उजेडात धरायचे. २०९ पैकी २०९ जुळल्या. उरलेल्या तीन पावत्या वीज जाण्याच्या ऐन आधीच्या मिनिटातल्या. दोन पुस्तकात स्पष्ट होत्या. तिसरीचा कार्बन उमटलाच नव्हता, कोरा पिवळा कागद.

ती अडावदकडच्या एका आबांची निघाली. त्यांना निरोप गेला. ते दुपारी आले, बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात आधारकार्डाला चिकटून ती पावती होती, घामाने मऊ झालेली. मुनीमजींनी आकडा वाचला, ऑपरेटरने भरला, आणि आबा पट्टी हातात पडेपर्यंत प्रिंटरपाशी उभे राहिले.

नव्या मशीनच्या कॉन्फिगरेशनमध्ये कॅशच्या ओळीत आता ‘नन’ आहे, म्हणजे ‘पक्कं कर’ला नुसती मान डोलावणं बंद. काम संपल्यावर ती ओळ ऑपरेटरकडून मोठ्याने वाचून घेतली. यूपीएसची बॅटरी बदलली, तो पत्र्याच्या खोलीतून आतल्या भिंतीपाशी आणला, आणि चार्ज खाली गेला की होस्टने आधी दोन्ही मशीन नीट बंद करून मग स्वतः बंद व्हायचं, असं एनयूटी हे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावून दिलं. वायर काढून दोनदा करून पाहिलं. रात्रीचा डंप आता इंटरनेटवरून जळगावला माझ्याकडेही येतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो कोऱ्या मशीनमध्ये भरून पाहतो. बिघडलेली मूळ इमेज बाहेरच्या डिस्कवर आहे, वर तारखेची चिठ्ठी लावून नानांच्या कपाटात ठेवली आहे. वर्षाचा हिशोब पूर्ण होईपर्यंत ती पुसायची नाही, असं दोघांनी ठरवलं आहे.